डिचोलीची माती, पेडण्याचे मीठ आणि मुलांचा मेंदू

रोजच्या वापरातील वस्तूंत आणि आसपासच्या हवा-पाण्यात असणाऱ्या रसायनांमुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो का, हा प्रश्न वरवर एकच दिसत असला तरी त्याचे उत्तर रसायन कोणते, त्याची मात्रा किती आणि ते आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर शरीरात शिरते यांवर अवलंबून असते. फिलिप ग्रांजाँ आणि फिलिप लँड्रिगन या दोन वैद्यकतज्ज्ञांनी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मेंदूच्या वाढीला निश्चितपणे घातक ठरलेल्या पाच रसायनांची यादी दिली होती. शिसे, मिथाइल पारा, आर्सेनिक, विजेच्या जुन्या उपकरणांत वापरली जाणारी पीसीबी नावाची तेले आणि टोल्युइन हा द्रावक यांचा तीत समावेश होता, आणि २०१४ मध्ये त्याच लेखकांनी मँगनीज, फ्लोराइड, क्लोरपायरीफॉस, डीडीटी यांसह आणखी सहा नावे तीत घातली. यादी वाढली म्हणून प्रत्येक नावामागचा पुरावा सारख्याच वजनाचा झाला असे मात्र नाही. शिशाविषयी आज कोणी गंभीरपणे वाद घालत नाही, तर फ्लोराइडची कमी मात्रा आणि प्लास्टिकमधील द्रव्ये यांविषयी संशोधकांचेच एकमत नाही. उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे शेजारचे तालुके या दृष्टीने विशेष पाहण्याजोगे आहेत, कारण एकाच्या पोटात लोहखनिज आहे, दुसऱ्याला समुद्र आणि मिठागरे लाभली आहेत, आणि या यादीतील निदान चार-पाच नावांचा संबंध या दोन तालुक्यांतील अगदी साध्या दिनक्रमाशी येतो.

वाढता मेंदू प्रौढ मेंदूपेक्षा अधिक नाजूक का, हे त्याच्या घडणीच्या वेळापत्रकावरून कळते. गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, म्हणजे पुष्कळदा आईला दिवस गेल्याची खात्री होण्याच्या सुमारास, ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात ती मज्जानलिका मिटते; त्यानंतरच्या महिन्यांत चेतापेशी, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या पेशी, प्रचंड संख्येने जन्म घेऊन आपापल्या नेमून दिलेल्या जागी सरकत जातात; आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत या पेशींमधील जोडण्या, ज्यांना चेतासंधी म्हणतात, आधी भरमसाट वाढून मग वापरानुसार छाटल्या जातात. ही सारी कामे एकदाच आणि ठरलेल्या क्रमानेच होत असल्यामुळे एखादा टप्पा बिघडला तर तो मागाहून दुरुस्त करण्याची सोय शरीरात जवळजवळ नाही. रक्तातील घातक द्रव्ये मेंदूत शिरू न देणारा अडसर अर्भकावस्थेत पुरता घट्ट झालेला नसतो, आणि वार गर्भाचे अनेक जंतूंपासून रक्षण करीत असली तरी शिसे व मिथाइल पारा तिच्यातून सहज पलीकडे जातात.

यांतील शिसे हा सर्वांत जुना आणि सर्वांत नीट अभ्यासलेला अपराधी होय. शरीर त्याला कॅल्शियम समजून स्वीकारते, चेतासंधींतील कॅल्शियमची कामे त्यामुळे विस्कटतात, आणि उरलेले शिसे हाडांत जाऊन दशकानुदशके साठून राहते. गर्भारपणी आईच्या हाडांतील कॅल्शियम मोकळे होऊ लागले की तिच्या स्वतःच्या बालपणातील शिसेही त्याबरोबर रक्तात उतरते. प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा हिस्सा रक्तात शोषला जातो, तर लहान मुलांच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. अमेरिकेतील हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून त्याचा संबंध त्यांच्या बुद्धिगुणांकाशी आणि वर्गातील वर्तनाशी जोडून दाखवला, तेव्हा त्यांच्यावर उद्योगधंद्यांकडून कठोर टीका झाली. परंतु २००५ मध्ये निरनिराळ्या देशांतील १,३३३ मुलांची जन्मापासूनची निरीक्षणे एकत्र करून पाहिल्यावर चित्र अधिकच गंभीर दिसले. रक्तातील शिसे एक डेसिलिटरमागे, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तामागे, २.४ मायक्रोग्रॅमवरून १० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढले की बुद्धिगुणांक सुमारे ३.९ गुणांनी खाली येतो, आणि पुढे १० वरून ३० पर्यंतच्या मोठ्या वाढीत आणखी सुमारे तीनच गुण जातात. याचा अर्थ पहिल्या थोड्या शिशानेच तुलनेने अधिक नुकसान होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानत नाही.

मराठी मुलखात याचा पडताळा मुंबईने पाहिलेला आहे. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात होते त्या काळात, नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात, मुंबईत तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले होते. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाल्यानंतरच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आले. एका सरकारी निर्णयाने लाखो मुलांच्या डोक्यावरचा भार हलका झाल्याचे असे उदाहरण सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात क्वचितच सापडते, आणि तरीही त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे, आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. पेट्रोल सुधारले तरी शिशाच्या वाटा बंद झालेल्या नाहीत, असा याचा अर्थ होतो.

त्या वाटा घरातच आहेत. घरांच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी लावलेले ऑइलपेंटचे थर मात्र जुन्या दारा-खिडक्यांवर तसेच आहेत. गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की घरे रंगवण्याची लगबग सुरू होते, रंगारी चौकटीवरचा जुना रंग पॉलिश पेपरने घासून काढतात, आणि त्याची पिठासारखी भुकटी उंबरठ्यावर, खिडकीच्या फळीवर आणि जमिनीवर बसते, जिथे रांगणारे मूल हात टेकवून तोच हात तोंडात घालते. कोरड्या घासकामाऐवजी पाणी लावून घासणे, मागाहून केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसणे आणि ते काम चालू असताना गर्भवतीला व लहान मुलांना त्या खोलीत न ठेवणे, एवढ्याने हा धोका बराचसा टळतो. त्याच दिवसांत चित्रशाळांतून चिकणमातीच्या गणेशमूर्तींना रंग चढत असतो आणि पोरे तिथे तासन्‌तास रेंगाळतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सुधारलेल्या सूचनांत मूर्तींसाठी विषारी रंग वर्ज्य केले असले, तरी तो सारा विचार विसर्जनाच्या पाण्यापुरताच होतो. मूर्तिकाराच्या घरातील मुलांपर्यंत तो पोहोचायला हवा. मारुतीला आणि गणपतीला लावला जाणारा शेंदूर हा तर पारंपरिक स्वरूपात शिशाचेच ऑक्साइड होय. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यू जर्सीतील दुकानांतून तसेच मुंबई व दिल्लीतून घेतलेल्या सिंदुराच्या ११८ नमुन्यांपैकी सुमारे चार पंचमांश नमुन्यांत शिसे सापडले. देवाच्या अंगावरील शेंदराने कोणाचे काही बिघडत नाही. तो बोटाला लागून पोटात जाणे आणि लहानग्यांच्या कपाळी तो रोज टेकवणे, एवढेच टाळायचे आहे.

डिचोलीकडे वळल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलते, कारण तिथे संशय एखाद्या विकत आणलेल्या वस्तूवर नसून मातीवरच येतो. गोव्यातील ज्या खडकांत लोह आणि मँगनीज यांची खनिजे आहेत त्या थरांना भूशास्त्रात डिचोलीचेच नाव दिलेले आहे. मँगनीजचे मोठे साठे दक्षिण गोव्याकडे असले आणि डिचोली, शिरगाव, मये, पिळगाव, लामगाव या पट्ट्यात मुख्यतः लोहखनिज निघत असले, तरी लोहखनिजाबरोबरच्या मातीत मँगनीज थोड्याफार प्रमाणात असतेच. मँगनीज हे शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारे द्रव्य आहे, आणि शिशापेक्षा त्याचा हिशेब अवघड होतो तो यामुळेच: कमी पडले तरी तोटा, जास्त झाले तरी तोटा. अन्नातून आलेले जादा मँगनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. परंतु अर्भकाची ही व्यवस्था पुरती चालू झालेली नसते, आणि श्वासावाटे आलेले मँगनीज यकृताला वळसा घालून हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या खोल केंद्रांत साठू शकते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात विहिरी-कूपनलिकांचे पाणी पिणाऱ्या ३६२ मुलांच्या २०११ मधील अभ्यासात, सर्वाधिक मँगनीज असलेले पाणी पिणाऱ्या पाचव्या हिश्श्यातील मुलांचा बुद्धिगुणांक सर्वांत कमी मँगनीजच्या गटापेक्षा सुमारे सहा गुणांनी कमी आढळला. मेक्सिकोतील मोलांगो या मँगनीजच्या खाणपट्ट्यातील शाळकरी मुलांमध्येही तसाच कल दिसला. मोलांगोत मुख्य खनिजच मँगनीज आहे, डिचोलीत ते सोबतीने येते. त्यामुळे तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावणे अन्यायाचे होईल, आणि ते अजिबात लागू नाहीत असे गृहीत धरणे त्याहून अधिक.

मँगनीज पाण्यात कसे उतरते हे समजून घेतले तर खाणींच्या खंदकांविषयीची सावधगिरी अनाठायी वाटत नाही. प्राणवायू मिळत असतो तोवर मँगनीज काळपट ऑक्साइडच्या रूपाने खडकातच अडकून राहते. खोल, स्थिर पाण्याच्या तळाशी प्राणवायू संपला की ते विरघळू लागते, आणि तेच पाणी वर येऊन हवेला लागले की पुन्हा काळ्या-तपकिरी साक्याच्या रूपाने भांड्यांना व नळांना चिकटते. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्यानंतर, तसेच ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यानंतर, अनेक खंदक पावसाच्या पाण्याने भरले. उन्हाळ्यात ते पाणी शेतीला सोडण्याची पद्धतही या भागात आहे. शेतीला चालणारे पाणी बाळाचे दूध कालवायला चालेलच असे नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम मँगनीज स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसल्यास ०.३ पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या अर्भकांचा विचार करून ०.०८ ही तात्पुरती मर्यादा सुचवली. आईच्या दुधात मँगनीज नगण्य असते, डब्याच्या दुधाच्या भुकटीत ते मुळातच अधिक असते, आणि त्यात पाण्यातले मिळाले की मात्रा वाढत जाते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, मँगनीज मात्र तिथेच राहते, किंबहुना पाणी आटल्यामुळे किंचित दाटच होते, ही गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी.

या तालुक्याची सर्वांत विलक्षण विसंगती मात्र निराळीच आहे. ज्या मातीतून लाखो टन लोह जहाजांनी परदेशी गेले त्या गोव्यात, २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले रक्तक्षयी आहेत, आणि रक्तक्षयाचे एक प्रमुख कारण लोहाची कमतरता हेच असते. पायाखालचे लोह ऑक्साइडच्या रूपात बांधलेले असते आणि माणसाच्या आतड्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. माती खाण्याची इच्छा ही उलट लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते, आणि ती माती पोटात जाताना आपल्याबरोबर काय नेईल हे ती कुठली आहे यावर ठरते. त्याहून महत्त्वाचे असे, की आतड्याच्या अस्तरातील जे वाहक प्रथिन लोह आत घेते तेच मँगनीज आणि शिसेही आत घेते. शरीरात लोह कमी पडले की ही वाहक प्रथिने वाढतात, जणू फेरीबोटीच्या खेपा वाढाव्यात आणि धक्क्यावर जो उभा असेल त्याला ती पलीकडे नेऊ लागावी. म्हणजे एकाच गल्लीतील, एकच पाणी पिणाऱ्या दोन मुलांपैकी रक्तक्षयी मुलाच्या अंगी अधिक धातू लागू शकतो. शिवाय लोह हे चेतातंतूंवरील संरक्षक वेष्टणाच्या घडणीला लागत असल्यामुळे त्याची कमतरता स्वतःहूनही मेंदूच्या वाढीला बाधक ठरते. रसायनांच्या चर्चेत आहाराचा विषय दुय्यम मानला जातो. डिचोलीत तो पहिला मानावा लागेल.

पेडण्यात असाच, पण उलट्या दिशेचा प्रश्न मिठाने उभा केला आहे. चापोरा नदीकाठी आगरवाड्याला मिठागरे आहेत आणि तिथले जाडे मीठ माडांच्या मुळाशी घालायला, मासे खारवायला व मिठातल्या कैऱ्यांना वापरले जाते. समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीनयुक्त मीठ, असा समज किनाऱ्यावर सर्रास आढळतो, पण खाऱ्या पाण्यापासून वाळवलेल्या मिठात आयोडीन जवळजवळ उरत नाही. गर्भाची स्वतःची अवटु ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, पुरेशी काम करू लागेपर्यंत गर्भारपणाचा जवळपास निम्मा काळ त्याचा मेंदू आईच्या अवटु संप्रेरकावर वाढत असतो, आणि ते संप्रेरक आयोडीनवाचून बनत नाही. आयोडीनची कमतरता हे मेंदूच्या हानीचे जगातील सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण मानले जाते. थेट खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकण्यावर भारतात मे २००६ पासून बंदी आहे ती यासाठीच. तंबाखूच्या धुरातील थायोसायनेट आणि फटाक्यांच्या दारूतील परक्लोरेट ही द्रव्ये आयोडीनला ग्रंथीत शिरण्यापासून अडवतात, आणि त्यांचा उपद्रव आईला आयोडीन कमी मिळत असेल तर अधिक होतो. ‘नैसर्गिक’ म्हणून मिठागरातले मीठ रोजच्या आमटीत घालू लागणाऱ्या शहरी हौशी कुटुंबांनी निदान गर्भारपणात तो उत्साह आवरलेला बरा. खारवण्यापुरता मिठागराचा मान आहेच.

किनाऱ्यावरील लोकांना आयोडीन मिळते ते मुख्यतः मासळीतून, आणि मासळीचा विषय निघाला की पाऱ्याचा निघतोच. पाण्याच्या तळाशी जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, लहान माशाला मोठा मासा खातो तसतसे त्याचे प्रमाण चढत जाते, आणि जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या विषबाधेने ते गर्भातील मेंदूचे काय करू शकते हे जगाला दाखवले. रोजच्या आहारातील कमी मात्रेविषयी मात्र दोन मोठ्या अभ्यासांनी दोन वेगळी उत्तरे दिली. फेरो बेटांवर, जिथे व्हेलचे मांस खाल्ले जाते, मुलांच्या स्मरणशक्तीवर व भाषेवर परिणाम दिसला; सेशेल्स बेटांवर, जिथे रोज समुद्रातील मासे खाल्ले जातात, तो दिसला नाही. मासळीतील ओमेगा-३ स्निग्धाम्ले, आयोडीन आणि सेलेनियम यांचा फायदा पाऱ्याच्या थोड्या तोट्यावर मात करतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ब्रिटनमधील २००७ च्या एका मोठ्या अभ्यासाने तर गर्भारपणी आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांचा भाषिक बुद्धिगुणांकच कमी असल्याचे दाखवले. पाऱ्याच्या धास्तीने मासे सोडणे हीच तिथे हानी ठरली. पेडण्याच्या किनाऱ्यावरील हरमल-मोरजीच्या गर्भवतीने बांगडे आणि तारले निःशंकपणे खावेत, मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांचे प्रमाण मात्र कमी ठेवावे, असा व्यवहारी निष्कर्ष यातून निघतो.

डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून पेडण्यात बांधकामांना जो ऊत आला आहे त्याबरोबर आणखी एक रसायन घरांच्या पायात जात आहे. वाळवीच्या बंदोबस्तासाठी पाया भरताना जमिनीत जे औषध ओततात ते पुष्कळदा क्लोरपायरीफॉस असते. कीटकांच्या चेतासंस्थेतील जे विकर ते बंद पाडते ते माणसातही आहे; न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना, ज्या मुलांचा गर्भावस्थेत त्याच्याशी अधिक संपर्क आला होता त्यांची कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातील काम करताना माहिती क्षणभर धरून ठेवण्याची शक्ती, कमी आढळली. युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याची परवानगी थांबवली. भारतात त्याच वर्षी २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा जो मसुदा निघाला त्यात त्याचे नाव होते, अंतिम बंदीत ते राहिले नाही. घराच्या पायाखाली सिमेंटने झाकलेले औषध आणि राहत्या घरात लाकडावर फवारलेले औषध यांच्या धोक्यांत बराच फरक आहे. दुसरा प्रकार घरात गर्भवती असताना करू नये, आणि वाळवी तेवढे दिवस थांबत नसेल तर गर्भवतीने माहेरी जावे. प्लास्टिकच्या डब्यांतील बिस्फेनॉल आणि थॅलेट यांच्यावर वृत्तपत्रांची जेवढी शाई खर्च होते तेवढा भक्कम पुरावा मुलांच्या मेंदूबाबत त्यांच्याविरुद्ध अद्याप जमलेला नाही. गरम आमटी त्यात न ओतण्याइतकी सावधगिरी पुरे.

या सगळ्यांतून एका मुलाचे जे नुकसान होते ते चार-पाच गुणांचे असते आणि घरच्यांना ते बहुधा कळतही नाही. म्हणूनच त्याचा हिशेब समाजाच्या पातळीवर मांडावा लागतो. बुद्धिगुणांकाची सरासरी १०० धरली तर लाखभर लोकांमध्ये ७० च्या खाली असणारे सुमारे २,३०० असतात. सरासरी ९५ वर आली की गणिताच्या नियमाने तेच सुमारे ४,८०० होतात, आणि विशेष बुद्धिमानांची संख्या वरच्या टोकाला तशीच घटते. २०११ च्या जनगणनेत डिचोली तालुक्याची लोकसंख्या लाखाला थोडी कमी होती, एवढ्यावरून हा फरक किती घरांत शिरतो याची कल्पना येईल. हा फक्त अंकगणिताचा दाखला आहे, डिचोलीतील मोजणीचा नव्हे.

मोजणीसाठी लागणारा पैसा आणि यंत्रणा ही दोन्ही डिचोली तालुक्यात आहेत. खाण कंपन्यांच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जो निधी जमा होतो त्याचा किमान ६० टक्के हिस्सा पिण्याचे पाणी, आरोग्य, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या बाबींवर खर्च करावा, असे २०१५ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितले होते, आणि डिचोलीचा लिलाव झालेला खाणपट्टा २०२४ मध्ये पुन्हा चालू झाल्यामुळे या निधीचा ओघही सुरू आहे. अंगणवाड्यांतून मुलांचे हिमोग्लोबिन पाहण्यासाठी बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला जातोच; त्याच वेळी आणखी दोन थेंब घेऊन हाताळता येण्याजोग्या यंत्रावर सुमारे तीन मिनिटांत शिशाची पातळी कळू शकते, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे कोणत्या मुलाला आधी लोहाची गरज आहे तेही दिसते. मात्र बोटाच्या कातडीवर धूळ असेल तर आकडा खोटाच वर जातो, म्हणून टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन घ्यावे लागतात, आणि आकडा जास्त आला तर शिरेतून घेतलेल्या रक्ताने त्याची खातरजमा करून मगच उपचार ठरवावे लागतात.